छिटमहाल: भारत-बांगलादेश सीमा कराराला ४१ वर्षं का लागली?

तांबडीमाती (धागालेखिका)

९ डिसेंबर २०२४ ला आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री ढाक्याला जाऊन आले. शेख हसीना पायउतार होऊन तेव्हा चार महिने झाले होते. अल्पसंख्याकांची सुरक्षितता, सीमा, पाणी, व्यापार यांवर चर्चा झाली, एवढंच बातम्यांत आलं. त्याखालच्या प्रतिक्रियांत 'नुसतं बोलून काय होतं?' हाच सूर जास्त होता. बोलून काय होतं आणि बोललेलं पुरं न केल्याने काय होतं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं याच दोन देशांच्या इतिहासात आहेत. छिटमहालांच्या रूपाने. मराठीत यावर सलग असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्रीपर्यंत बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे होते, मिळून १७,१६० एकर. भारताच्या पोटात, मुख्यतः कूचबिहार जिल्ह्यात, बांगलादेशाचे ५१ तुकडे होते, मिळून ७,११० एकर. चारही बाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेली ही गावं म्हणजे छिटमहाल. काहींच्या आत पुन्हा पलीकडच्या देशाचं गाव. दहला खगराबारी हे त्यातलं टोक: बांगलादेशाच्या पंचगड जिल्ह्यात भारताचं गाव, त्या गावात बांगलादेशाचं गाव आणि त्या गावात भारताचं एक तागाचं शेत, दोन एकरांपेक्षाही लहान.

कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावत, त्यातून हे झालं अशी गोष्ट तिकडे सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिला कागदाचा आधार नाही. १८ व्या शतकाच्या सुरुवातीला कूचबिहार आणि मुघल यांच्यात तह झाला तेव्हा ज्याचा जिथे ताबा, तिथे त्याचा महसूल, अशी विभागणी राहून गेली. इंग्रजांच्या काळात त्याने कुणाचं अडलं नाही. १९४७ ला रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेलं, १९४९ ला कूचबिहार संस्थान भारतात आलं आणि महसुलाच्या रेषा देशांच्या सीमा झाल्या. १९५२ ला पासपोर्ट-व्हिसा आल्यावर खरी कोंडी झाली. आपल्या देशात जायचं तर व्हिसा हवा, व्हिसासाठी आपल्या देशाच्या शहरात जायला हवं, आणि तिथे जायचं म्हणजे परवानगीशिवाय परका देश ओलांडायचा.

माणसं कशी राहिली हे वाचलं की झोप उडते. जवळच्या शाळेत मुलाला घालायचं तर शेजारच्या गावातल्या कुणाला तरी कागदोपत्री बाप करायचं. दिनहाटाच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी जाणाऱ्या बाईने परक्या माणसाचं नाव नवरा म्हणून सांगायचं. विजेच्या तारा डोक्यावरून जात, पण घरात दिवा नाही. चोरी झाली, खून झाला, तर तक्रार घ्यायला ठाणं नाही, कारण एका देशाच्या पोलिसांना येता येत नाही आणि दुसऱ्या देशाच्या पोलिसांचा तो मुलूख नाही. २०११ च्या संयुक्त गणनेत अशी सुमारे ५१ हजार माणसं निघाली: आपल्या तुकड्यांत ३७ हजारांवर, त्यांच्या तुकड्यांत १४ हजारांवर.

मला ज्याबद्दल लिहायचंय ते आता. हा प्रश्न वाटाघाटींच्या टेबलावर तीनदा सुटला. १० सप्टेंबर १९५८ ला नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी तुकड्यांची अदलाबदल मान्य केली. १६ मे १९७४ ला इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी पुन्हा मान्य केली. ६ सप्टेंबर २०११ ला मनमोहन सिंग आणि शेख हसीना यांनी त्यावर तपशीलवार जोडकरार केला. १९७४ च्या करारावर सही झाली त्याच वर्षी बांगलादेशाने घटनादुरुस्ती करून आपली बाजू पुरी केली. आपण ती २०१५ ला केली. म्हणजे समोरचं सरकार आडमुठं होतं म्हणून ५१ हजार माणसं लटकली नाहीत. दोन देशांत जे ठरलं, ते आपल्याला आपल्या घरात मान्य करून घेता आलं नाही.

बेरुबारीचं प्रकरण, आसामचा विरोध, तीस्ता नदीचं पाणी, उल्फा (आसाममधली सशस्त्र फुटीरवादी संघटना), हे सगळं यात येतं. जाणकारांनी भर घालावी.

गडवाट

उत्तम धागा. एक शंका. आपण १७ हजार एकर दिले आणि ७ हजार घेतले. १० हजार एकरांचा तोटा कोणत्या सरकारने सहज मान्य करावा? विरोध करणाऱ्यांना आडमुठं म्हणणं मला पटत नाही. जमीन देताना संसदेने शंभरदा विचार करायलाच हवा.

तांबडीमाती

गडवाट, विचार करायलाच हवा, त्यावर दुमत नाही. पण ते १७ हजार एकर आपल्या हातात कधी होते? तिथे आपला तलाठी नव्हता, पोलीस नव्हता, मतदान केंद्र नव्हतं. १९४७ नंतर आपण तिथे एक शाळा बांधली नाही. नकाशावर रंग आपला होता, एवढंच. दुसरी गोष्ट, करारात फक्त छिटमहाल नव्हते. एका देशाची जमीन दुसऱ्याच्या लोकांच्या ताब्यात, असेही पट्टे होते. त्यांत आपल्याला २,७७७ एकर मिळाले आणि आपण २,२६७ दिले. शिवाय न आखलेली सुमारे सहा किलोमीटरांची सीमा आखून झाली: पश्चिम बंगालात दैखाता, त्रिपुरात मुहुरी नदी, आसामात लाठीटिला-दुमाबारी.

वकिली_बाणा

बेरुबारीबद्दल मी लिहितो, कारण कायद्याच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण पहिल्या वर्षीच भेटतं आणि त्यामागची माणसं मात्र कुणी सांगत नाही.

नेहरू-नून करारात जलपायगुडी जिल्ह्यातल्या बेरुबारी युनियन क्र. १२ चा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं होतं. बंगालात प्रचंड असंतोष झाला. फाळणीत घर सोडून आलेले निर्वासित तिथे वसले होते. त्यांना पुन्हा तेच भोगावं लागणार होतं. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला आणि १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं की देशाचा प्रदेश दुसऱ्याला द्यायचा तर साधा कायदा पुरणार नाही, ३६८ व्या कलमाखाली घटनादुरुस्तीच लागेल. त्यानुसार डिसेंबर १९६० ला नववी घटनादुरुस्ती झालीसुद्धा. पण पुढे खटले चालले, पाकिस्तानशी संबंध बिघडत गेले आणि १९७१ ला समोरचा पक्षच बदलला.

१९७४ चा करार मला या दृष्टीने फार शहाणा वाटतो. इंदिराबाईंनी दक्षिण बेरुबारी आपल्याकडे ठेवली आणि त्या बदल्यात दहग्राम-अंगरपोता हे छिटमहाल बांगलादेशाकडे राहू दिले. तिथवर जायला तीन बिघा नावाची १७८ मीटर बाय ८५ मीटरची पट्टी कायम भाडेपट्ट्याने द्यायचं मान्य केलं. मालकी आपली, वाट त्यांची. दोन्हीकडच्या लोकांना घर न सोडता राहता येईल असा तोडगा होता तो. पण घटनादुरुस्ती लागणारच होती आणि ती आपण संसदेत आणली नाही. मग १५ ऑगस्ट १९७५ ला मुजीबांची हत्या झाली. त्यानंतर ढाक्यात आलेल्या राजवटींसाठी घाई करावी असं दिल्लीत कुणाला वाटलं नाही.

मोहोर

ती पट्टी तरी लगेच मिळाली का त्यांना?

वकिली_बाणा

नाही. १९८२ ला अटी ठरल्या, मग आपल्याकडे न्यायालयीन लढाई झाली, कुचलीबारी-मेखलीगंजच्या लोकांनी मोठं आंदोलन केलं. त्यांची भीतीही खरी होती: तीन बिघा दिलं तर कुचलीबारीच उरलेल्या भारतापासून तुटेल. २६ जून १९९२ ला वाट उघडली ती फक्त दिवसा आणि तासातासाच्या पाळीने. २०११ पासून ती चोवीस तास खुली आहे. १७८ मीटर चालण्याचा हक्क पुरा मिळायला ३७ वर्षं.

सावली

रात्री कुणी आजारी पडलं तर?

तांबडीमाती

सावली, दार बंद म्हणजे बंद. सकाळपर्यंत थांबायचं. दहग्रामच्या लोकांची सगळ्यात मोठी मागणी हीच होती.

पूर्वेचा_पहारा

माझे मामा सीमा सुरक्षा दलात होते, कूचबिहार भागात नेमणूक झालेली. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि पुढे स्वतः वाचलेलं लिहितो. सुरक्षेचा मुद्दा वर फक्त नावाने आलाय आणि माझ्या मते तोच कळीचा आहे.

छिटमहालात कुणाचाच कायदा चालत नाही म्हटल्यावर तिथे कोण आसरा घेणार हे सांगायला नको. गांजाची शेती उघड्यावर होई. गुन्हा करून माणूस आत शिरला की जवान कडेला उभे. आणि हे सगळं सिलिगुडीच्या त्या चिंचोळ्या पट्ट्याच्या जवळ, जिथे देशाची रुंदी एके ठिकाणी जेमतेम २२ किलोमीटर उरते. न आखलेली सीमा म्हणजे काय धोका असतो ते एप्रिल २००१ मध्ये दिसलं. मेघालयच्या बाजूला पिरदिवा गावाच्या ताब्यावरून तंटा पेटला, त्यातून पुढे बोराईबारीला चकमक झाली आणि आपले १६ जवान गेले. दोन मित्रदेशांच्या दलांत! पिरदिवा हे कुणाच्या ताब्यात, कुणाच्या नकाशात, या वादातलंच गाव. १९७४ चा करार वेळेवर अमलात आला असता तर ते जवान जिवंत असते असं मला ठामपणे वाटतं.

आता २००९ कडे येऊ. तोवर आपली ढाक्याकडे मुख्य तक्रार जमिनीची नव्हतीच. उल्फाचे नेते तिकडे राहत होते. एप्रिल २००४ मध्ये चितगावच्या जेटीवर दहा ट्रक भरतील एवढी शस्त्रं पकडली गेली, ती उल्फासाठी होती. जानेवारी २००९ मध्ये हसीना सत्तेत आल्या आणि डिसेंबरात उल्फाचा अध्यक्ष अरविंद राजखोवा मेघालयच्या सीमेवर आपल्या हाती आला. जानेवारी २०१० मध्ये हसीना दिल्लीला आल्या, दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीविरुद्ध करार झाले. जुलै २०११ मध्ये सीमा व्यवस्थापनाचा संयुक्त आराखडा ठरला. आणि मग सप्टेंबरात जमिनीचा जोडकरार.

हा क्रम बघा. आधी त्यांनी आमची सुरक्षेची काळजी उचलली, मग आम्ही त्यांची जमिनीची. दोन सरकारं बसतात तेव्हा प्रत्येकाच्या मनात वेगळी भीती असते. ज्या वर्षी दोन्ही भीती एकाच टेबलावर येतात त्या वर्षी काम होतं. उल्फाचा अनुप चेतिया १९९७ पासून ढाक्याच्या तुरुंगात होता, तो आपल्याला मिळाला नोव्हेंबर २०१५ ला, छिटमहालांच्या अदलाबदलीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी.

सोलापुरी_चादर

पूर्वेचा_पहारा, यात एक दुवा आमच्या गावाचा आहे. २८ जानेवारी २०१३ ला ढाक्यात प्रत्यार्पण करारावर भारताकडून सही केली ती तेव्हाचे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी. त्याच दिवशी व्हिसा सोपा करणारा करारही झाला. तेव्हा त्या कराराकडे सगळे उल्फाच्या चष्म्यातून बघत होते. आज त्याच कागदावर बोट ठेवून ढाका शेख हसीनांना मागतंय. डिसेंबर २०२४ मध्ये पहिलं पत्र आलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावल्यावर पुन्हा मागणी झाली.

गडवाट

मग आपण बांधील आहोत का? करार तर करार.

वकिली_बाणा

त्या कराराच्या ६ व्या कलमात राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी नकार देण्याची मुभा आहे, पण खुनासारखे गुन्हे त्या सवलतीतून वगळलेत. ८ वं कलम म्हणतं की आरोप न्यायाच्या हेतूने, सद्भावनेने केलेला नसेल तरी नकार देता येतो. २०१६ च्या दुरुस्तीने पुराव्याची अट काढली, अटक वॉरंट पुरेसं केलं. म्हणजे कायद्याने दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे; निर्णय राजकीयच होणार. माझं स्वतःचं मत, ज्या व्यक्तीने आपल्या सुरक्षेसाठी स्वतःच्या देशात रोष ओढवून घेतला तिला फाशीसाठी परत पाठवणं हे भारताला शोभणार नाही. पण बांगलादेशात ज्या घरांतली तरुण मुलं २०२४ च्या जुलै-ऑगस्टात हसीना सरकारविरुद्धच्या आंदोलनात गोळीबारात मेली, त्यांच्या आईबापांना आपण काय उत्तर देतो, हाही प्रश्न मला छळतो.

निपाणीकर

हा धागा वाचताना आमच्या भागाची आठवण येणं साहजिक आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांचे नकाशे बघा. सांगली संस्थानाचं शिरहट्टी पार गदगजवळ. मिरज, जमखंडी, कुरुंदवाड, सगळ्यांचा मुलूख असाच विखुरलेला. संस्थानं विलीन झाली तेव्हा हे तुकडे आसपासच्या जिल्ह्यांत मिसळून गेले, कारण सगळे एकाच देशात होते. कूचबिहारचं दुर्दैव असं की मधून आंतरराष्ट्रीय सीमा गेली.

आणि आमचा सीमाप्रश्न? महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. दोन देशांना जे जमलं ते एकाच देशातल्या दोन राज्यांना जमू नये याचं फार वाईट वाटतं.

तांबडीमाती

निपाणीकर, तुमची वेदना समजते. एक फरक नोंदवते. तिकडे दोन्हीकडचे लोकच अदलाबदल मागत होते. भारत-बांगलादेश छिटमहाल विनिमय समन्वय समिती वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंना काम करत होती. दीपक सेनगुप्तांनी ते सुरू केलं आणि त्यांच्या मागे त्यांचा मुलगा दीप्तिमान यांनी नेटाने चालवलं. दिल्ली-ढाक्यातल्या अधिकाऱ्यांना कोणत्या गावात किती घरं हे विचारायची वेळ आली तेव्हा या समितीकडे याद्या तयार होत्या. अशी दोन्ही काठांवर पाय असलेली लोकांची संघटना बेळगावच्या प्रश्नात उभी राहिली नाही.

अबोली

तीस्तेचं कुणी सांगेल का? २०११ मध्ये ममता बॅनर्जींनी ऐनवेळी ढाक्याला जायला नकार दिला, एवढं आठवतं.

जुनीवही

अबोलीताई, सांगते. मनमोहन सिंगांच्या त्या दौऱ्यात दोन मोठ्या गोष्टी व्हायच्या होत्या, जमिनीचा जोडकरार आणि तीस्तेचं पाणीवाटप. ममताबाई मुख्यमंत्री होऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. उत्तर बंगालचं सिंचन कोरडं पडेल म्हणून त्यांनी तीस्तेला विरोध केला आणि तो करार राहिला तो आजपर्यंत. जमिनीच्या जोडकरारावर सही झाली, पण घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं कुठून आणणार? डिसेंबर २०१३ ला सलमान खुर्शीद यांनी राज्यसभेत विधेयक मांडलं तेव्हा आसाम गण परिषद आणि भाजपचा कडवा विरोध, तृणमूलचाही विरोध.

याउलट १९९६ बघा. गंगापाणी करार १२ डिसेंबर १९९६ ला झाला. देवेगौडा पंतप्रधान, इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री, पण खरी मदत ज्योती बसूंची झाली. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्याला आधीपासून सोबत घेतलं, त्यांनी ढाक्यात स्वतः बोलणी केली, आणि केंद्रात दुबळं आघाडी सरकार असूनही ३० वर्षांचा करार झाला. २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना पुरेसं विश्वासात घेतलं नाही की त्यांनीच मन वळवू दिलं नाही, यावर दोन्हीकडून बोललं जातं. माझ्या मते शेजारी देशाशी बोलणी करताना सीमेवरचं राज्य पहिल्या दिवसापासून खोलीत असलंच पाहिजे. नदी त्यांच्या शेतातून वाहते, कुंपण त्यांच्या अंगणातून जातं.

गडवाट

आणि मग २०१५ मध्ये विरोध एकदम मावळला तो कसा? ज्या पक्षाने २०१३ मध्ये अडवलं त्यानेच मंजूर केलं.

जुनीवही

तीन गोष्टी जुळून आल्या. शशी थरूर अध्यक्ष असलेल्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीने डिसेंबर २०१४ मध्ये एकमताने शिफारस केली. त्याच महिन्यात ममताबाईंनी कूचबिहारला येऊन पाठिंबा जाहीर केला. पुनर्वसनाचा खर्च केंद्राने उचलावा ही त्यांची अट होती आणि ती रास्त होती. मग सरकारने आसामला करारातून वगळायचा विचार केला होता, तिथे निवडणूक जवळ होती म्हणून. पण काँग्रेसने आणि आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोईंनी सबंध करारच हवा असा आग्रह धरला आणि सरकारने तो मानला. सुषमा स्वराज यांनी विधेयक मांडलं. ६ मे ला राज्यसभेत १८१ विरुद्ध शून्य, ७ मे ला लोकसभेत ३३१ विरुद्ध शून्य. एकही मत विरोधात नाही! शंभरावी घटनादुरुस्ती. मला अजूनही ते आकडे वाचताना भरून येतं. पंतप्रधान मोदींनी विरोधी बाकांवर जाऊन आभार मानले होते.

तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: विरोधात असताना जे राष्ट्रहिताच्या विरुद्ध वाटलं ते सत्तेत आल्यावर राष्ट्रहिताचं वाटलं. भूमिका बदलली हे चांगलं झालं. पण मधल्या दीड वर्षात छिटमहालातल्या बायकांनी आणखी दीड वर्ष खोटी नावं सांगितली.

सावली

अदलाबदल झाली त्या रात्रीबद्दल लिहा ना.

तांबडीमाती

३१ जुलै २०१५, रात्री बारा. कूचबिहारमधल्या मशालडांग्यात ६८ मेणबत्त्या लावल्या, १९४७ पासूनच्या प्रत्येक वर्षाची एक. पलीकडे कुडीग्राममधल्या दासियारछडालाही तसाच जल्लोष. सकाळी घरांवर झेंडे लागले. मे २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत या लोकांनी पहिल्यांदा मत दिलं. शंभरी ओलांडलेले आजोबाही रांगेत होते.

कुणी कुठे जायचं हे ज्याने त्याने ठरवायचं होतं. आपल्याकडच्या १४ हजारांपैकी एकानेही बांगलादेशात जायचं म्हटलं नाही. तिकडच्या ३७ हजारांपैकी हजाराच्या आत माणसांनी भारत निवडला. बाकीचे जिथे शेत, जिथे कबरी, जिथे सोयरीक, तिथेच राहिले. जे भारतात आले त्यांचं मात्र सोपं झालं नाही. दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबारी इथल्या छावण्यांत पत्र्याच्या शेडमध्ये ते कित्येक वर्षं राहिले. केंद्राने हजार कोटींवर रक्कम मंजूर केली होती, तरी पक्की घरं मिळायला उशीर झाला. शेती करणाऱ्या माणसाला शेडमध्ये ठेवून शिधा दिला की पुनर्वसन झालं, असं मला वाटत नाही. तिकडे विकून आलेल्या जमिनीचे पैसे अनेकांना पुरते मिळाले नाहीत, कारण व्यवहार साध्या कागदावर झाले होते.

पूर्वेचा_पहारा

आजची स्थिती जोडतो. जानेवारी २०२५ मध्ये माल्दाला आणि तीन बिघाजवळ कुंपण घालण्यावरून दोन्ही दलं समोरासमोर आली. ढाक्याने आपले उच्चायुक्त प्रणय वर्मा यांना बोलावून घेतलं, मग दिल्लीने त्यांच्या अधिकाऱ्याला. वाद आहे १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा: शून्य रेषेपासून, म्हणजे नेमक्या सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. तारेचं कुंपण हे संरक्षणाचं बांधकाम का, यावर दोघांची मतं वेगळी. फेब्रुवारीत दोन्ही दलांचे महासंचालक दिल्लीत बसले आणि ताण थोडा निवळला.

या १५० यार्डांचा दुसरा परिणाम लोकांना माहीत नसतो. कुंपण आत सरकवलं की आपलीच गावं, आपलीच शेतं कुंपणाच्या पलीकडे राहतात. फाटक ठरलेल्या वेळी उघडतं, शेतकरी ओळखपत्र दाखवून जातो, वेळेत परततो. आणि रात्री तार ओलांडणाऱ्यांवर गोळी चालते. जानेवारी २०११ मध्ये १५ वर्षांची मुलगी कुंपणावर लटकलेली राहिली, तो फोटो बांगलादेशात कुणी विसरलेलं नाही. आपल्या जवानांवर टोळ्या हल्ले करतात हेही खरं, मामांनी ते भोगलंय. तरी त्या मुलीबद्दल मामा बोलायचे तेव्हा त्यांचा आवाज जड व्हायचा.

अबोली

एक काळजी. आता मतदार यादीची पडताळणी, कागदपत्रांची मागणी असं सगळीकडे चालू आहे. ज्यांना २०१५ ला नागरिकत्व मिळालं ते जुने कागद कुठून आणणार?

वकिली_बाणा

अगदी योग्य प्रश्न. पश्चिम बंगालात नोव्हेंबर २०२५ मध्ये विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, त्यात २००२ च्या यादीशी नातं दाखवायचं होतं. छिटमहालातला माणूस २००२ च्या भारतीय यादीत असणं शक्यच नव्हतं. त्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे संयुक्त गणनेची यादी आणि शंभरावी घटनादुरुस्ती. दोन सरकारांनी मिळून केलेली गणना आहे ती, याहून भक्कम कागद कोणता हवा? आपल्या मुंबई-पुण्यात बंगाली बोलणारा मजूर पकडला की त्याला बांगलादेशी ठरवण्याची घाई होते. जून २०२५ मध्ये मुंबईतून उचललेले काही जण सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते पश्चिम बंगालचे रहिवासी निघाले म्हणून परत आणावे लागले. दिनहाटाच्या पोरांना कामासाठी राज्याबाहेर जावं लागतं. उद्या त्यातला एखादा आपल्याकडच्या पोलीस ठाण्यात बसला असेल, आणि त्याच्या आधारकार्डावरची तारीख २०१५ नंतरची असेल, तर ठाणेदाराला छिटमहाल हा शब्द माहीत असायला हवा. मी आमच्या वकील मंडळींत हे सांगायला सुरुवात केली आहे.

मोहोर

हे शेवटचं वाचून धागा ओळखीच्या दोन पोलीस अधिकाऱ्यांना पाठवला.

जुनीवही

तांबडीमाती, गंगापाणी कराराची ३० वर्षं डिसेंबर २०२६ ला संपतात. पुढच्या वाटाघाटींचा खरा विषय तोच असेल ना?

तांबडीमाती

हो, तोच. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या महिन्यांसाठीचा करार आहे. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यापाशी ७० हजार क्युसेक किंवा कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं; ७० ते ७५ हजारांत बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेलं आपल्याला; त्यावर गेलं तर आपल्याला ४० हजार आणि उरलेलं त्यांना. फराक्क्याला आणि पलीकडे हार्डिंग पुलापाशी दोन्ही देशांचे अभियंते एकत्र मोजणी करतात. मार्च २०२५ मध्ये, संबंध इतके ताणलेले असताना, बांगलादेशाचं पथक फराक्क्याला येऊन गेलं, संयुक्त समितीची बैठक कोलकात्यात झाली. अभियंत्यांचं बोलणं राजकारण्यांच्या बोलण्यापेक्षा चिवट असतं, हे मला फार आश्वासक वाटतं. यावर वेगळा धागा काढते. जलसंपदा खात्यात काम केलेल्या कुणी क्युसेकची ही मोजणी प्रत्यक्ष कशी होते ते तिथे लिहावं, आणि जुनीवही, १९९६ ची ज्योती बसूंची बाजू तुम्हीच लिहा.